नाना शंकरशेट : इंग्रजी शाळेचा मराठी कैवारी

ठाणेकरांना जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट आठवतात ते बहुधा आगगाडीमुळे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली गाडी २१ मैलांचा प्रवास करून ठाण्याला पोहोचली आणि वर्षभरात, १ मे १८५४ रोजी, तिचे रूळ कल्याणपर्यंत गेले. या लोहमार्गासाठी १८४५ पासून खटपट करणाऱ्या मोजक्या हिंदी व्यापाऱ्यांत नाना अग्रभागी होते. मात्र त्यांच्या आयुष्यातील सर्वाधिक वर्षे ज्या कामात गेली ते काम रेल्वेचे नव्हते. ते शाळेचे होते. आणि त्या कामातील त्यांचा सर्वांत मोठा वाद ज्या प्रश्नावर झाला, तो आजही ठाण्याच्या कोणत्याही नव्या वसाहतीत घरोघरी उभा राहतो. कोलशेतसारखे खाडीकाठचे गाव घ्या. जेथे शेती होती, मग रासायनिक कारखाने आले, तेथे आता निवासी मनोरे उभे आहेत आणि मुलाचे नाव शाळेत घालायची वेळ आली की पहिला प्रश्न निघतो तो माध्यमाचा. मुंबई इलाख्याच्या सरकारदरबारी हा प्रश्न १८४७ मध्ये नानांनी लढवला होता.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा, ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचा. घराणे दैवज्ञ समाजातील, मूळ आडनाव मुरकुटे. त्या काळी साष्टी बेट, म्हणजे ठाणे आणि कोलशेतचा परिसर, इंग्रजांच्या ताब्यात जाऊन पाव शतक उलटले होते. खाडीपलीकडे कल्याण-मुरबाडकडे मात्र अद्याप पेशव्यांचा अंमल होता. घराण्याचा व्यापार मुंबईत अठराव्या शतकातच जमला होता. फोर्टमधील गनबो स्ट्रीट हे नाव कोणा साहेबाचे असावे असे पुष्कळांना वाटे. ते या घराण्यातील गणबाशेट यांचे होते. वडील शंकरशेट यांनी व्यापार आणि मिळकत दोन्ही वाढवली. नानांच्या आईचे छत्र लहानपणीच हरपले. त्यांचे शिक्षण घरीच, मास्तर ठेवून झाले आणि त्यात इंग्रजी उत्तम झाले. वडील वारले तेव्हा नानांना वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. एवढ्या वयात हाती आलेली पेढी सांभाळणे हेच एखाद्याला पुरेसे झाले असते.

पण तेच वर्ष, १८२२, मुंबईच्या शिक्षणाच्या इतिहासातही महत्त्वाचे ठरले. पेशवाई बुडून चार वर्षे झाली होती आणि गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांना नव्या प्रजेसाठी शाळा हव्या होत्या. त्यांच्या प्रोत्साहनाने मुंबईची हैंदशाळा आणि शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली. पुढे तिचे नाव बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी असे झाले. इंजिनिअर खात्यातील कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तिचे चिटणीस होते आणि हिंदी चिटणीस होते सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे. तरुण नाना या मंडळीच्या कामात ओढले गेले आणि हळूहळू तिचे आधारस्तंभ झाले.

या मंडळीने त्या काळात केलेले काम आज फारसे लक्षात घेतले जात नाही. मराठीत छापील पाठ्यपुस्तक ही वस्तूच तेव्हा नवी होती. जर्व्हिस यांनी शास्त्र्यांना हाताशी धरून गणिताची, भूमितीची पुस्तके मराठीत सिद्ध केली. छत्र्यांनी बाळमित्र आणि इसापनीती मुलांच्या हाती दिली. इंजिनिअरिंगचा एक वर्ग आणि १८२६ पासून वैद्यकाची एक शाळा, दोन्ही देशी भाषांतून शिकवणाऱ्या, मुंबईत चालत होत्या. १८३२ च्या सुमारास दोन्ही बंद पडल्या. शास्त्र मराठीतून शिकवता येते की नाही ही चर्चा आजही हिरिरीने होते; ती करताना मुंबईत दोनशे वर्षांपूर्वी तसे वर्ग भरत होते हे सहसा कोणाच्या ध्यानी नसते. नानांनी मात्र ते वर्ग पाहिले होते, आणि पुढच्या वादात ते ज्या ठामपणे उभे राहिले त्याचे मूळ या अनुभवात असावे.

१८२७ मध्ये एल्फिन्स्टन निवृत्त होऊन निघाले तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्या स्मरणार्थ वर्गणी जमवली. रक्कम दोन लाख रुपयांच्या वर गेली. पुतळा आणि मानपत्र यांवर न थांबता या पैशांतून विलायतेहून अध्यापक आणावेत आणि येथील मुलांना इंग्रजी भाषा, पाश्चात्त्य शास्त्रे व वाङ्मय शिकवावे असे ठरले. त्यातून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभी राहिली. ऑर्लेबार गणित व पदार्थविज्ञान शिकवण्यास आणि हार्कनेस साहित्य शिकवण्यास आले. पहिले वर्ग टाउन हॉलमध्ये भरले. त्यांच्या हाताखाली नेमले गेलेले बाळशास्त्री जांभेकर हे नाव मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. १८३२ मध्ये दर्पण सुरू करणारा हा तरुण पंडित या संस्थेत गणितही शिकवी आणि पुढे १८४५ मध्ये देशी शाळांसाठी मास्तर तयार करणारा वर्गही त्यानेच चालवला. वर्षभरातच, १८४६ मध्ये, तो गेला.

येथे शिकणाऱ्या मुलांना काय मिळाले याचे उत्तम उदाहरण दादाभाई नौरोजी. वडील लहानपणीच वारलेले, घरची ओढगस्त. सोसायटीच्या शाळेत फी नव्हती म्हणूनच ते शिकू शकले आणि पुढे क्लेअर शिष्यवृत्तीवर इन्स्टिट्यूशनमध्ये गेले. लोकांच्या पैशाने शिकलो, तेव्हा लोकांची सेवा करणे हे ऋण आहे, ही जाणीव त्यांनी आयुष्यभर बाळगली. भाऊ दाजी लाड हेही याच संस्थेचे विद्यार्थी. तेथून ते ग्रँट मेडिकल कॉलेजात गेले आणि त्याच्या पहिल्या पदवीधरांत त्यांचे नाव लागले.

१८४० मध्ये सोसायटीच्या शाळा आणि इन्स्टिट्यूशन एकत्र करून कारभार बोर्ड ऑफ एज्युकेशन या नव्या मंडळाकडे देण्यात आला. सात सभासदांपैकी तीन हिंदी असत. नाना त्यात पहिल्यापासून होते आणि १८५५ मध्ये बोर्ड संपुष्टात येईपर्यंत राहिले. सावकारी, जमीनजुमला आणि शहरातील शेकडो कामे सांभाळून एखाद्या सरकारी समितीवर इतकी वर्षे नेटाने बसणे सोपे नव्हते, विशेषतः तिचा अध्यक्ष आपल्या विरुद्ध मताचा असताना.

हे अध्यक्ष म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी. १८४३ मध्ये ते बोर्डावर आले. त्यांचे म्हणणे सरळ होते. सरकारचा पैसा थोडा आहे. तो खेडोपाडी विखुरला तर कोणालाच धड शिक्षण मिळणार नाही. त्यापेक्षा वरच्या वर्गातील थोड्या मुलांना इंग्रजीतून उत्तम शिकवावे. त्यांचे ज्ञान कालांतराने खाली झिरपेल. बंगालमध्ये मेकॉले यांच्या १८३५ च्या टिपणीनंतर हेच धोरण होते आणि मुंबईनेही ते स्वीकारावे असा पेरींचा आग्रह होता. पेरी हे हिंदी लोकांचे शत्रू नव्हते, उलट त्यांच्याविषयी आस्था असलेले म्हणून ते ओळखले जात. म्हणूनच त्यांच्याशी वाद घालणे अवघड होते.

नानांनी तो घातला. १८४७ मध्ये त्यांनी बोर्डापुढे आपले लेखी मत मांडले. आपण इंग्रजीच्या विरुद्ध नाही हे त्यांनी आधीच स्पष्ट केले, आणि त्यांनी ते सांगण्याची गरजही नव्हती, कारण मुंबईत इंग्रजी शिक्षणासाठी त्यांच्याइतका पैसा आणि वेळ खर्च केलेले लोक थोडेच होते. ज्यांना अवसर आहे त्यांनी इंग्रजी शिकावी, उत्तम शिकावी. पण कष्टकरी, व्यापारी, शेतकरी यांच्या मुलांना परकी भाषा आत्मसात करण्यातच सारी उमेद घालवायला लावणे आणि मग तिच्या द्वारे भूगोल-गणित शिकवू पाहणे, यात लोकशिक्षणाचा मार्गच बंद होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्ञान लोकांपर्यंत जायचे तर ते लोकांच्याच भाषेतून गेले पाहिजे. त्यासाठी पुस्तके नसतील तर ती करावीत, मास्तर नसतील तर तयार करावेत. बोर्डातील बाकीचे हिंदी सभासद आणि आता कर्नल झालेले जर्व्हिस नानांच्या बाजूचे होते. पेरी आणि त्यांच्या मताचे युरोपीय सभासद दुसऱ्या बाजूला. बोर्ड उभे दुभंगले आणि प्रकरण सरकारकडे गेले.

या वादाचे एक वैशिष्ट्य नोंदवण्याजोगे आहे. इंग्रजीचा आग्रह इंग्रज न्यायमूर्तीचा होता, पण मराठीचा पक्ष घेणारा दुसरा मुख्य वकील, जर्व्हिस, हाही इंग्रजच होता. आणि हिंदी सभासदांत मराठी हिंदूंबरोबर पारशी व मुसलमानही होते. म्हणजे हा देशी विरुद्ध विलायती असा झगडा नव्हता. शाळा कोणासाठी, हा खरा प्रश्न होता. थोड्यांसाठी की पुष्कळांसाठी, यावर भाषेचे उत्तर अवलंबून होते.

सरकारने १८४८ मध्ये उत्तर दिले ते दोन्ही पक्षांना आपापल्या सोयीने वाचता येईल असे. सामान्य लोकांच्या शिक्षणासाठी देशी भाषा मान्य. पण इंग्रजीच्या वरच्या वर्गांना बाध नाही. प्रत्यक्षात पेरी अध्यक्ष असेपर्यंत, म्हणजे १८५२ पर्यंत, बोर्डाचा कल इंग्रजीकडेच राहिला. १८५४ च्या वुडच्या खलित्याने विभागणी पक्की केली: खाली देशी भाषा, वर इंग्रजी. नानांचे अर्धे म्हणणे त्यात आले. दुसरे अर्धे, म्हणजे उच्च शिक्षणालाही देशी भाषांचे दार उघडे असावे हे, गेले.

या हरण्याने नाना रुसून बसले नाहीत, हे त्यांच्या स्वभावाचे द्योतक. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली आणि पुढल्या वर्षी मुलींच्या शाळा सुरू केल्या. दादाभाईंसारखे तरुण स्वतःचे वर्ग भरण्यापूर्वी सकाळी मुलींना विनामूल्य शिकवत. मुलगी शिकली तर काय अनर्थ होईल याविषयी गिरगावात तेव्हा जी चर्चा चाले तिचा अंदाज करता येतो. अशा वेळी प्रतिष्ठित गृहस्थाने आपल्या वाड्याच्या आवारात मुलींच्या शाळेला जागा द्यावी आणि तिचा खर्चही उचलावा, याचे मोल केवळ रुपयांत होत नाही. ती शाळा जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाने चालली. तेथे शिकवले जाई ते मराठीतून. बोर्डाच्या बैठकीत जे मान्य झाले नाही ते नानांनी घरच्या आवारात सुरू करून दाखवले.

नानांच्या बाकीच्या कार्याची यादी लांब आहे आणि ती सर्वपरिचित आहे. सतीबंदीच्या बाजूने ते उभे राहिले. २६ ऑगस्ट १८५२ रोजी स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते अध्यक्ष झाले. पार्लमेंटकडे अर्ज पाठवून कंपनीच्या कारभारावर टीका करण्याचे काम या संस्थेने केले. १८५७ मध्ये बंडवाल्यांशी संधान असल्याचा संशय त्यांच्यावर घेतला गेला, चौकशी झाली, आणि त्यात काही निघाले नाही. ज्या सरकारच्या समित्यांवर सारे आयुष्य काम केले त्याच सरकारने संशय घ्यावा, हा अनुभव त्यांना कसा वाटला असेल हे सांगायला नको. पुढे १८६१ च्या कायद्यानुसार बनलेल्या मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांची नेमणूक झाली. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयासाठी भाऊ दाजी आणि डॉ. जॉर्ज बर्डवूड यांच्याबरोबर त्यांनी खटपट केली.

इकडे शाळेची वाटचाल चालूच होती. १८५६ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनचे दोन भाग झाले: कॉलेज आणि हायस्कूल. इलाख्यातील सर्वांत नावाजलेली सरकारी शाळा म्हणजे हे एल्फिन्स्टन हायस्कूल. त्याच सुमारास कोल्हापूरहून आलेला महादेव गोविंद रानडे हा मुलगा येथे दाखल झाला. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. नाना त्याच्या पहिल्या फेलोंपैकी एक होते. १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली, १८६२ मध्ये पहिले चार बी.ए. बाहेर पडले: रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. मोडक पुढे एल्फिन्स्टन हायस्कूलचे पहिले हिंदी मुख्याध्यापक झाले.

विद्यापीठामुळे हायस्कूलच्या अभ्यासक्रमाचे स्वरूप पालटले. आता शाळा कशासाठी, तर मॅट्रिकसाठी. वर्गात काय शिकवायचे हे परीक्षा ठरवू लागली. इंग्रजी, गणित, इतिहास-भूगोल, आणि एक दुसरी भाषा. ही दुसरी भाषा सुरुवातीला देशी असू शकत असे. पण साठच्या दशकात विद्यापीठाची सूत्रे सर अलेक्झांडर ग्रँट यांच्यासारख्या अभिजात भाषांच्या अभिमानी विद्वानांकडे आली आणि मॅट्रिकनंतरच्या अभ्यासातून मराठी-गुजराती गेल्या. त्यांची जागा संस्कृत, फारसी, लॅटिन यांनी घेतली. ग्रँट साहेबांचा हेतू अभ्यासाचा दर्जा उंचावण्याचा होता. संस्कृतच्या अध्ययनाला त्यातून खरोखरच बहर आला. मात्र मराठी मुलाने कॉलेजात जाऊन मराठी वाचण्याचे कारण उरले नाही.

३१ जुलै १८६५ रोजी नाना निवर्तले. अमेरिकेतील यादवी युद्धाने मुंबईत कापसाच्या पैशाचा जो पूर आणला होता तो नेमका त्याच महिन्यात ओसरला आणि शहरातील मोठमोठी घराणी धुळीस मिळाली. लोकवर्गणीतून नानांचा संगमरवरी पुतळा करवून टाउन हॉलमध्ये उभारण्यात आला, जेथे एल्फिन्स्टनचे पहिले वर्ग भरले होते.

मराठी घरांत मात्र पुतळ्यापेक्षा नानांचे नाव जिवंत ठेवले ते एका शिष्यवृत्तीने. चिरंजीव विनायकराव यांनी १८६६ मध्ये मॅट्रिकला संस्कृतात सर्वोत्तम गुण मिळवणाऱ्यांसाठी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती ठेवली. पुढील शंभराहून अधिक वर्षे हुशार मुलाची ओळख करून देताना त्याला शंकरशेट मिळाली एवढे सांगणे पुरे होई. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलसारख्या शाळांनी वर्षाचे यश या शिष्यवृत्तीवरून मोजले. १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिले आलेले चिंतामणराव देशमुख याच शिष्यवृत्तीचे मानकरी; तेच पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. मॅट्रिकची जागा एसएससीने घेतल्यावरही ही शिष्यवृत्ती चालू राहिली. यात एक विसंगती आहे, आणि ती नानांच्या चाहत्यांनीही मान्य करायला हवी. ज्या माणसाने सरकारपुढे मराठीची बाजू मांडली, त्याचे नाव पिढ्यान्पिढ्या विद्यार्थ्यांच्या तोंडी राहिले ते संस्कृतच्या बक्षिसामुळे. दोष विनायकरावांचा नाही. नानांना संस्कृतविषयी आदर होता, आणि त्या काळी परीक्षेत मान होता तोही संस्कृतलाच.

हा मान सर्वांसाठी नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमराव रामजी आंबेडकर हा विद्यार्थी होता. सरकारी शाळा असल्यामुळे त्याला प्रवेश मिळाला. संस्कृतच्या वर्गाचे दार मात्र अस्पृश्य म्हणून बंद राहिले आणि त्याला फारसी घ्यावी लागली. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला. शंकरशेट शिष्यवृत्तीच्या स्पर्धेत उतरण्याची त्याला मुळी संधीच नव्हती. नानांनी १८४७ मध्ये विचारलेला प्रश्न, शाळा थोड्यांसाठी की पुष्कळांसाठी, त्यांच्याच संस्थेच्या वर्गात साठ वर्षांनंतर असा अनुत्तरित होता. बाबासाहेबांनी संस्कृतचा अभ्यास पुढे स्वतःच्या हिमतीवर केला.

मराठीला विद्यापीठात पुन्हा प्रवेश मिळवून देण्यासाठी ज्यांनी झुंज दिली ते न्यायमूर्ती रानडे, म्हणजे एल्फिन्स्टनचाच जुना विद्यार्थी. सिनेटमध्ये त्यांनी हा विषय वर्षानुवर्षे लावून धरला. १९०१ च्या सुमारास देशी भाषांना एम.ए.च्या अभ्यासक्रमात जागा मिळाली, आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत रानडे गेले. नानांच्या लेखी मताला तेव्हा चोपन्न वर्षे झाली होती.